बशीतलं पाणी

“ह्येला डोक्यावर हुबा करा,” आकाराम म्हणाला. “एक दीस, एक रात. मग सरळ करू.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी अडाण्यासारखं बोललं की माझे थोरले दीर माझ्याकडे पाहत. इंटर सायन्स झालेली भावजय घरात असल्याचा तेवढाच उपयोग त्यांना ठाऊक होता. मीही ओठ दुमडून हसले. मूल रडत नाही म्हणून त्याला पायाला धरून उलटं टांगणारी सुईण आणि हा माणूस, दोघांत मला त्या वेळी फरक वाटला नाही.

ज्याला उलटं करायचं होतं तो रेफ्रिजरेटर होता. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षी रेसिडेन्सीकडच्या एका बंगल्यातला गोरा साहेब विलायतेला परत गेला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि दादांनी हे कपाट उचललं. छातीभर उंच, पांढरं, कडांना पिवळट पडलेलं. विजेवर नव्हे, रॉकेलवर चालणारं. खाली दिवा पेटवायचा आणि वर गार व्हायचं. दादांनी ते बैलगाडीत आडवं घातलं आणि मुद्दाम महाद्वारावरून फिरवून आणलं. वर गवताच्या पेंढ्या टाकल्या नसत्या तर लोकांना नीट दिसलं असतं, एवढीच त्यांना हळहळ.

साहेबानं त्यात काय काय ठेवलं असेल या विचारानं अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यावर तीनदा गोमूत्र शिंपडलं, चिंचेनं घासलं आणि तरीही स्वयंपाकघरात घेतलं नाही. मागच्या पडवीत, मोरीशेजारी उभं केलं. आठ दिवस दिवा जळला. आत ठेवलेलं दूध बाहेरच्या दुधाच्या आधी नासत होतं.

दादांना आणि अक्कांना ते गार व्हायला हवं होतं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी. अख्ख्या गल्लीला बर्फाचं पन्हं मिळणार, असं अक्का घरोघर सांगून आल्या होत्या. मला ते हवं होतं माझ्या चौदा महिन्यांच्या मुलीसाठी. माझं दूध पौषातच आटलं. डॉक्टर म्हणाले, गाईचं द्या, पण उन्हाळ्यात सकाळचं दूध दुपारनंतर देऊ नका. दुपारनंतर दुसरं कुठून आणायचं ते बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात याच घरात माझा पहिला मुलगा जुलाबांनी दोन दिवसांत गेला. नऊ महिन्यांचा होता. तेव्हाही दूध सकाळचंच होतं, उकळलेलं. मी वाटी हुंगली होती आणि मला ते चांगलं वाटलं होतं.

तेव्हापासून मी सगळंच हुंगते. अक्कांना ती खोड वाटते. माझे यजमान पन्हाळ्याच्या कचेरीत नोकरीला. शनिवारी येत, सोमवारी जात, आणि कपाटाचा विषय निघाला की दादांना विचार म्हणत.

दादांनी आधी ऑइल इंजिनच्या कारखान्यातला एक स्नेही आणला होता. त्यानं मागच्या नळ्या टिचक्या मारून वाजवल्या, ह्यात फिरणारं काहीच नाही तर बिघडेल काय, असा आम्हालाच प्रश्न केला आणि दोन कप चहा पिऊन गेला. दादा त्याला गेटापर्यंत पोचवायला गेले.

आकाराम आपण होऊन आला, गडमुडशिंगीहून चालत. मागच्या दारात उभं राहून “साहेबाचं कपाट हितं आलंय न्हवं?” असं त्यानं विचारलं, आजारी पाहुण्याची चौकशी करावी तसं. वय पन्नाशीचं. अंगात खाकी कोट, बोटांची कातडी रॉकेलनं सोललेली. त्या बंगल्यात तो सोळा वर्षं दिवाबत्तीला होता. कंदील पुसायचे आणि या कपाटाची वात सांभाळायची. आता गुऱ्हाळावर जाळ घालत होता. मला वाटलं, हा जर यंत्र दुरुस्त करणार असेल तर घोड्याला खरारा करणाऱ्यानं त्याचं ऑपरेशनही करावं.

अक्कांनी त्याला उंबऱ्याबाहेर चहा दिला. पडवीच्या भिंतीत एक कोनाडा आहे. तिथं तडा गेलेली, आतून हिरव्या रेघेची एक बशी पालथी असे, त्याच्यासारख्यांसाठी. तिचा कप कधीच फुटला होता. आपण वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की त्यानं बशी धुऊन पुन्हा पालथी घालायची. आकारामला काही सांगावं लागलं नाही. त्यानं कोनाडा आपणच शोधला.

चहा पिऊन त्यानं कपाट आडवं आणलं का, असं दादांना विचारलं. गाडीत उभं कसं आणणार, दादा म्हणाले.

“धराय मान्सं न्हवती व्हय?” आकाराम म्हणाला. “आडवा घातला की पोटातलं पानी जागा सोडतंय वकीलसाब. उन्हाळ्यात साहेब ह्येला पन्हाळ्याला न्यायचा. चार मान्सं चार अंगानी धरून, हुबा.” तो कपाटाला ‘ह्यो’ म्हणे, घरच्या बैलासारखा.

दादांना असं ऐकून घ्यायची सवय नव्हती. दोन हमाल बोलवा म्हणून त्यांनी मला सांगितलं आणि कोर्टात निघून गेले. मी हमाल बोलावले. विश्वास बसला म्हणून नव्हे; दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून.

हळदीकुंकवाच्या दिवशी कपाट पाय वर करून उभं होतं. अक्कांनी त्यावर जरीची शाल टाकली, त्यामुळे ज्यांना दिसलं नसतं त्यांनाही दिसलं. शेजारच्या शालूबाईंनी रांजणातलं पन्हं संपवून पडवीत डोकावलं आणि ह्यांचं शीर्षासन कधी सुटायचं, असं विचारलं. अक्कांनी त्यांना डाळ पुन्हा वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी आकाराम आला. कपाट सरळ केलं, पण वात पेटवली नाही. बराच वेळ तो नुसता जमिनीकडे पाहत होता.

“फरशी मोरीकडं उतरती हाय,” तो म्हणाला.

उतरती असणारच, मी म्हटलं, पाणी नको का जायला.

“पानी जाया पायजे. ह्यो न्हाय. कलला की पोटातलं पानी फिरत न्हाय.”

त्यानं एक ताटली मागितली. मी आत गेले. अक्का म्हणाल्या, स्वयंपाकघरातलं भांडं त्याच्या हातात मिळायचं नाही, त्याची बशी आहे की. मी बाहेर येऊन कोनाड्याकडे बोट केलं.

त्यानं बशी हिरव्या रेघेपर्यंत पाण्यानं भरली आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवली. मोरीच्या अंगाला पाणी रेघ ओलांडून गेलं, दुसऱ्या अंगाला रेघ कोरडी राहिली. मग तो पत्र्याचे तुकडे दुमडून एकेका पायाखाली सारू लागला. सारायचा, उठायचा, बशीत बघायचा, पुन्हा बसायचा. तासभर. बाष्पीभवनावरच्या प्रश्नाला मला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते. आठ दिवस मी तीच फरशी पुसत होते आणि ती उतरती आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी पाणी रेघेला चारी बाजूंनी टेकलं. त्यानं वात कापली, पेटवली, ज्योत पिवळीची निळी होईपर्यंत बारीक केली.

“बशी हलवू नगा,” तो म्हणाला. “मोरीकडची फरशी खचती. रोज सकाळी रेघेपातूर पानी भरायचं आन बघायचं. तुमी बघा वैनीसाब. वकीलसाब न्हाय बघायचे.”

त्या दिवशी संध्याकाळी मी दुधाची वाटी हुंगली, चाखली, पुन्हा हुंगली. गार होती. मुलगी प्यायली. दुसऱ्या दिवशीही प्यायली, आणि वैशाखभर.

दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, पात्यातला द्रव जागा सोडतो हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. यंत्रात पातं नव्हतं. ऐकणारे माना डोलवत आणि गार पाणी पीत.

घराच्या दुधावर ती बशी अक्कांना खुपत होती. एकदा त्यांनी ती उचलून कोनाड्यात पालथी घातली. मी दुपारी पुन्हा वर ठेवली.

ज्येष्ठाच्या अखेरीस आकाराम बाजाराला आला होता, तो मागच्या दारानं डोकावला. कपाटाच्या पाठीवरून हात फिरवला, खाली वाकून ज्योत पाहिली, एक पत्रा नखभर आत सारला. माझ्या मुलीनं त्याच्या कोटाचं टोक धरलं. मी तिला मागं ओढून घेतलं. त्याला चहा दे, असं अक्का आतून म्हणाल्या.

मी चहाचं भांडं घेऊन पडवीत आले आणि कोनाड्याकडे वळले. कोनाडा रिकामा होता.

आतल्या फळीवर फुलांचे बारा कप होते. त्यातल्याच दोनांत इंजिनवाला चहा पिऊन गेला होता. अक्का दारात येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आत गेले नाही.

आकारामनं कोनाड्याकडे पाहिलं, मग कपाटाच्या माथ्याकडे.

“ऱ्हाऊ द्या वैनीसाब,” तो म्हणाला. “माझी बशी कामाला लागलीया.”

तो हसला नाही. हात कोटाला पुसले आणि आला तसा मागच्या दारानं गेला.

मी भांडं धरून उभी होते. चहावर साय धरली. वर बशीतलं पाणी हिरव्या रेघेला चारी बाजूंनी टेकलेलं होतं.