बाटलीतला नमुना

डिझेल म्हणे घरी करायचं! आमच्या ह्यांना हे खूळ लागलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. पण खोटं कशाला बोलू, आतून बरंही वाटलं. अंबडचा कारखाना बंद पडल्यापासून आठ महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. दाढी करा म्हटलं तर "कोणाला दाखवायचीय?" म्हणायचे. पेपरात बायोडिझेलचं काहीतरी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून चहा ठेवला. मला रडूच फुटलं.

तेल माझ्याच गाडीवरचं. मी सिडकोत वडे तळते, त्याचं उरलेलं काळं तेल. ते गरम करायचं, त्यात कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल कालवून ओतायचं, घुसळायचं आणि ठेवून द्यायचं. खाली गाळ बसतो, वर डिझेल येतं. मग परीक्षा. बाटलीत अर्धं डिझेल, अर्धं पाणी, खळाखळा हलवायचं. अर्ध्या तासात दोन्ही स्वच्छ वेगळी झाली तर नमुना पास.

आमचं डोंबल वेगळं होतंय! पहिल्यांदा बाटलीत नुसतं ताक. हे म्हणाले, "तेलात पाणी आहे. तू वडा सोडताना पाण्याचा हात लावतेस ना, त्याचं." मग तेल तासभर उकळलं. परत ताक. मग कॉस्टिक जास्त झालं म्हणून हळदीच्या पाण्याने तपासायला बसले. खार वाढला की हळद लाल होते, पण त्या जळक्या तेलात लाल काय नि पिवळं काय, दिसतंय कुठे? चौथ्या खेपेला अख्ख्या पिंपाचा खरवसासारखा साबण झाला. शेजारची ललिता म्हणाली, "वहिनी, भांड्यांना द्या की थोडा." मी हसले. हे हसले नाहीत. घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

पाचव्या खेपेला बाटली हलवून ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "सविता, तूच बघ. माझ्याने बघवत नाही."

अर्ध्या तासाने पाहिलं. ताक.

ह्यांच्याच खात्यातले कारभारीभाऊ कारखाना सुटल्यावर टेम्पो चालवायचे, निफाडची द्राक्षं मुंबईला न्यायचे. त्यांचा जादा डिझेलचा कॅन आमच्या जिन्याखाली असायचा. मी बाटली मोरीत ओतली, कॅनमधलं डिझेल घेतलं, पाणी घातलं, हलवली. मस्त वेगळं झालं. वासाने ओळखतील ही भीती नव्हती. वीस वर्षं प्लेटिंगमध्ये, ॲसिडच्या वाफेत काढून ह्यांचं नाक मेलेलं, वडा करपला तरी कळायचं नाही.

"अहो, बघा तरी!"

बाटली उजेडाला धरून कितीतरी वेळ उभे होते. मग दाढी केली. मला वाटलं, चार दिवस आनंदात जातील, पुढचं पुढे. एवढीच माझी अक्कल.

दुसऱ्या दिवशी मी गाडीवर असताना ह्यांनी पिंपातलं वीस लिटर कारभारीभाऊंच्या टाकीत ओतलं. ते "चालेल ना रे रंगनाथ?" म्हणाले, तर हे छाती फुगवून म्हणाले, "नमुना पास झालाय." मला कळेपर्यंत टेम्पो निघून गेला होता.

घोटीच्या पुढे बंद पडला. फिल्टरमध्ये साबण, डिझेलचा पंप बसला, दोन दिवस द्राक्षं उन्हात. कारभारीभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. दारातूनच म्हणाले, "तुझ्या हातावर भरवसा होता माझा," आणि गेले. पुन्हा आमच्या गल्लीत आले नाहीत.

मला वाटलं, आता हे पडून राहणार. नाही राहिले. वही घेऊन बसले. रोज तेच. "नमुना पास झाला होता, सविता. मग पिंपात काय बिघडलं? माझ्या हातून काय चुकलं?" कॉस्टिकने बोटं सोललेली, तरी परत मोजायचे, परत लिहायचे. मी कांदा चिरत ऐकायची.

नवव्या दिवशी मला राहवलं नाही. सकाळी चहा देताना सांगून टाकलं. "तुमचं काही चुकलं नाही. बाटली मी बदलली होती. त्यात पंपावरचं डिझेल होतं."

वाटलं, कप फेकून मारतील. मारायलाच हवा होता.

त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे एकदाही जमलं नव्हतं?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी वही मिटली, चहा तसाच ठेवला आणि आत जाऊन झोपले.