नमो मारियाचा उत्तरार्ध

प्लंबरनं आपल्याच स्वयंपाकघरातला नळ काढून एका गिऱ्हाइकाकडे बसवला, पण बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं. सुट्टीचा दिवस, दुकानं बंद, गिऱ्हाईक रडकुंडीला आलेलं. त्याचाही नाइलाज होता. बायको भांडी घासून साबणाच्या हातांनी सिंकपाशी वळली, तर नळाच्या जागी भिंतीत नुसतं बूच. तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

खरी पंचाईत संध्याकाळी व्हायची. त्याची म्हातारी आई जपमाळ झाल्याशिवाय जेवत नसे. माळेतल्या ‘नमो मारिया’ या प्रार्थनेचा पहिला भाग बायकोचा, दुसरा त्याचा, ही लग्नापासूनची वाटणी. अबोल्यातही तिनं ती मोडली नाही. फक्त आपल्या भागातल्या ‘स्त्रियांमध्ये धन्य’वर ती असा काही जोर द्यायची, की तो मान खाली घालून आपला भाग कसाबसा उरकायचा.

चर्चच्या टाकीची गळती काढताना त्यानं विचारलं, “फादर, या प्रार्थनेचे असे दोन तुकडे केले कुणी?”

“केले नाहीत, जोडले,” फादर म्हणाले. “आधी देवदूताचा नमस्कार, मग मारियेच्या नात्यातल्या एलिझाबेथनं केलेलं तिचं कौतुक. दोन्ही बायबलातल्या शुभवर्तमानातलं. शेकडो वर्षं लोक तेवढंच म्हणून थांबायचे. दुसऱ्या भागातलं मागणं मागाहून चिकटलं.”

“का?”

“नुसता नमस्कार करून माणूस किती दिवस माघारी जाणार? कधीतरी मागतोच. आणि म्हणून तर ही प्रार्थना लोकांच्या तोंडची सुटत नाही. ‘आता आमच्यासाठी विनंती कर’ म्हणताना तो ‘आता’ ज्याला त्याला आपलाच वाटतो.”

प्लंबरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण रोज बायकोपुढे एकदम मागण्यालाच हात घालतोय! ‘बोल की आता’, ‘सोड की आता’. नमस्कार नाही, कौतुक नाही, कशी पावणार?

येताना तो नवा कोरा नळ घेऊनच आला. बसवला, पाणी सोडून दाखवलं. बायको ढिम्म. मग त्यानं चक्क हात जोडले.

“नमस्कार!”

ती डोळे फाडून बघत राहिली.

“तुझ्यासारखी बाई शोधून सापडायची नाही. तू आहेस म्हणून हे घर उभं आहे.”

बायकोचा चेहरा उतरला. ती तडक न्हाणीघराकडे धावली.

“अहो, आता शॉवर कुणाला देऊन आलात?”

“कुणाला नाही गं! बोललीस, एवढंच हवं होतं!”

संध्याकाळी माळ सुरू झाली. तो खणखणीत आवाजात ‘आम्हा पाप्यांसाठी’पर्यंत आला, तोच बायकोनं डोळे उघडले.

“आम्हा कशाला? मी कुठं नळ काढला?”

“असू दे गं,” म्हातारी डोळे मिटूनच म्हणाली. “याला वाढवलं मी. मलापण धरा त्यात.”

बायकोला हसू फुटलं, मग त्यालाही. पुढचा मणी धरायला म्हातारीला दोघांना दोनदा दटावावं लागलं.