चाळीस दिव्यांचे किडे

इस्पितळाच्या आवारात चाळीस गोल दिवे आहेत. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्यांच्या काचा उतरवून धुणं हे माझं काम. सव्वीस वर्षं करतोय. ऐकायला सोपं वाटतं, पण दिव्यावर झेपावणारे किडे काचेच्या आत पडून मरतात आणि उन्हानं असा वास सुटतो की घास उतरत नाही. पहिल्या वर्षी दोन बादल्या भरल्या होत्या. पतंग, भुंगेरे, चिलटं, सगळा गोतावळा. बायकोनं महिनाभर मला दारातच कपडे बदलायला लावले.

कोळ्यांना मात्र मी हात लावत नाही. दर गोलाच्या मानेशी एक तरी जाळं असतंच. माझं अर्धं काम तेच करतात, मग त्यांच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? दरवर्षी बादली थोडी हलकी व्हायची आणि मी खुळा त्याचं श्रेय कोळ्यांना द्यायचो.

यंदा पहिला गोल उतरवला. आत एक पतंग आणि तीन-चार चिलटं. दुसऱ्यात तेवढंही नाही. बल्ब तेच, काचा त्याच, पण चाळीस गोल झाले तरी बादलीचा तळ झाकला नाही. जाळी होती, पण कोरी. कोळी वाळून मिरीएवढे झाले होते.

किडे असणारच, आपल्यालाच दिसत नाहीत, असं माझ्या मनात आलं. वडिलांची नजर अशीच गेली होती. आधी बारीकसारीक दिसेनासं झालं, मग नऊ वर्षं ते भिंत चाचपत घरात फिरले. ते मी पाहिलंय.

बायकोला सांगायचा धीर होईना. तिनं ओळखलंच.

"अहो, पेपर उलटा धरलाय," ती म्हणाली. "डोळे दाखवून या. लपवून काय होणार?"

इस्पितळातल्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. बाईंनी थेंब घालून, बॅटरी मारून आतपर्यंत पाहिलं.

"काका, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

मी खुर्चीतून उठलो नाही.

"बारीक गोष्टी? किड्यांसारख्या?"

"सगळं दिसतंय तुम्हाला. असं तोंड काय पाडलंय? आनंद नाही झाला?"

आनंद व्हायला हवा होता. दाराबाहेर बायको बसली होती, तिला तर सुटल्यासारखं वाटलं असतं. मला मात्र ती रिकामी बादली आणि वाळलेले कोळी आठवले. दोष डोळ्यांत नसेल, तर मी पाहिलं ते सगळं खरं होतं.

"बाई, पुन्हा एकदा तपासा," मी म्हणालो. "थोडा तरी दोष निघेल."