वायर नक्की कुठून गेलीय?

वायरमनने पडद्यावर बोट टेकवलं. "मला एक रेघ दाखवा, बाई. तिच्या बोलण्याची वायर नक्की कुठून गेलीय?"

स्कॅनच्या मशीनवरच्या बाईंनी चित्र मोठं केलं. त्याच्या बायकोच्या मेंदूतले, बोलणं चालवणारे तंतू निळ्या पट्ट्यासारखे दिसत होते. पट्टा मधे गडद होता, पण गाठीजवळ त्याची कड पुसट होऊन धुक्यासारखी गाठीवर पसरली होती. ऑपरेशन उद्या सकाळी. त्या पुसट भागातली गाठ काढायची की ठेवायची, हे संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना सांगायचं होतं. काढली तर वाचा जाईल कदाचित. ठेवली तर गाठ पुन्हा वाढणार.

तीस वर्षं तो भिंतीतल्या वायरी शोधत आला होता. आधी पेन्सिलीने रेघ, मगच ड्रिल. फोटो पुसट आला म्हणजे कुणीतरी हललं, एवढंच त्याला ठाऊक. काल हे चित्र बघून तो बायकोवर खेकसला होता, "अर्धा तास गप्प पडवेना तुला? हललीस कशाला?" एरवी एक शब्द खाली पडू न देणारी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती.

"पुन्हा काढा," तो म्हणाला. "मी स्वतः तिचं डोकं धरून बसतो."

"दादा, त्या तसूभरही हलल्या नाहीत."

"मग हे धुकं कसलं?"

"तंतू थेट दिसत नाहीत. आतलं पाणी कुठल्या दिशेला सरकतं, त्यावरून आम्ही वाट ताडतो. म्हणून तोच हिशेब थोडा थोडा बदलून हजारदा केला, दर वेळी एक रेघ आली. रेघा एकावर एक पडल्या तिथे गडद, फाटे फुटले तिथे पुसट. ही चूक नाही. आम्हाला किती माहीत नाही, त्याचं माप आहे."

"गाठीतून किती गेल्या?"

"हजारात तीनशे."

"म्हणजे हो की नाही?"

बाईंनी पडद्यावरच्या पुसट कडेकडे बोट दाखवलं.

तो जिना चढून वॉर्डात आला. बायको खाटेवर बसली होती.

"चुकलो गं. तू हलली नव्हतीस."

"नाक खाजत होतं हो. तरी नाही हलले."

त्याने सगळं सांगितलं. हजारात तीनशे, हे दोनदा सांगितलं.

"वायर कुठेय ते कळेना झालं, की तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"वीतभर सोडून भोक पाडतो."

"मग सोडा तेवढी गाठ. माझ्या जिभेला हाड नाही म्हणता ना? राहू दे तशीच. असेन तोवर ऐका."

"ती वाढेल गं पुन्हा!"

"वाढेल."

त्याने तिचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं, जसं मशीनमध्ये धरणार होता तसं. पण हात थांबेनात.

"आता तुम्ही हलताय," ती म्हणाली.