ओट्यावर सांगितलेलं

लेकीनं, रेवतीनं, हेमलताबाईंच्या मोबाइलवर 'ओटा' नावाचं ॲप टाकून दिलं, त्याच दुपारी सातव्या मजल्यावर लिफ्टसमोर, त्यांच्या दाराला लागून एक ओटा आला. शहाबादी फरशीचा, कडा झिजून गुळगुळीत झालेला, साखर कारखान्याच्या कॉलनीत त्यांच्या क्वार्टरपुढं होता तसाच. वॉचमननं हरकत घेतली नाही. सोसायटीच्या नियमांत ओट्याबद्दल काहीच नव्हतं.

"नवीनच निघालंय हे," रेवती म्हणाली. "ह्यावर बसून आपलं स्टेटस टाकायचं. म्हणजे काय चाललंय ते सांगायचं. लोक येतात ऐकायला."

"इथं कोण येतंय मरायला," हेमलताबाई म्हणाल्या, पण पदर खोचून बसल्या. "आज मेथी निवडली," त्यांनी सांगून पाहिलं.

लोक आले. लिफ्टनं नाही, जिन्यानंही नाही. आले आणि टेकले. कारखान्यातले टाइमकीपर कांबळे, फिटर मुल्ला आणि शेजारच्या क्वार्टरमधली चंदा. चंदाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ओट्यावर कुणी असले विषय काढत नाही. भिंतीला पाठ टेकून ती म्हणाली, "हेमा, किती वाळलीस गं. जेवतीस का न्हाई?" हेमलताबाईंना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. कारखाना बंद पडल्यापासून त्यांना कुणी हेमा म्हटलं नव्हतं.

आत जाऊन बघतात तर मेथी नव्हती. ती ओट्यावर होती आणि मुल्ला तिची एक काडी चावून बघत होते.

ओट्याची रीत त्यांना लवकरच कळली. सांगितलेली गोष्ट घरातून बाहेर यायची आणि सगळ्यांची व्हायची. "गुडघे फार दुखतात," असं म्हणाल्या तर दुखणं बाहेर आलं, प्रत्येकानं थोडंथोडं वाटून घेतलं, आणि त्या उकिडव्या बसून फरशी पुसू लागल्या. ह्याला कोण नको म्हणेल? मग त्यांनी रेडिओ सांगितला. खिडकीतून गुलमोहर दिसतो, तेही सांगितलं. खिडकी बाहेर येऊन उभी राहिली आणि चंदा तिच्यातून गुलमोहर बघत बसली. आत तिथं साधी भिंत झाली. ओटा लांबत गेला, तसा हॉल आखूड होत गेला.

गप्प बसायची मात्र सोय नव्हती. नवं काही सांगितलं नाही, की चंदा पावलांपासून फिकी पडायला लागायची. जुनंच तिखटमीठ लावून पुन्हा सांगितलं तर चालत नसे. हेमलताबाईंनी तीही लबाडी करून पाहिली होती.

रेवती ऑफिसातून आली की चपला हातात घेऊन, "सरका जरा, काका," म्हणत वाट काढायची. एका संध्याकाळी तिनं आतून विचारलं, "आई, बाबांचा फोटो कुठं गेला?"

"कुणाचा?"

दुपारी आपण लग्नातलं काहीतरी सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले, एवढं हेमलताबाईंना आठवत होतं. काय सांगितलं, ते आता मुल्लांना माहीत होतं.

रेवती दारात आली. "आई, आत ये आता," ती म्हणाली. "मी हे काढून टाकते."

"थांब गं. चंदा बसलीय."

"घरात शेगडी राहिलीय नि आपण दोघी. मी चहा टाकते. तो पिऊ आणि दार लावून घेऊ."

हेमलताबाईंना ते पटलं. लेकीला एकटं टाकून ओट्यावर बसणं बरं नव्हे. ओठ घट्ट मिटून त्या उठल्या. चंदा तोवर कमरेपर्यंत गेली होती. तिनं त्यांचा हात धरला. तो हात तेवढा पूर्वीसारखाच होता, भाकऱ्या थापून निबर झालेला.

बायका ओट्यावर बसल्या की बोलणं फिरून फिरून लेकीबाळींवर येतंच. कॉलनीतही यायचं.

"सगळं सांगितलंस," चंदा म्हणाली. तिचा गळाही आता दिसत नव्हता. "लेकीचं तेवढं ऱ्हायलं. काय करती गं ती?"

कांबळे, मुल्ला, सगळे वळून बसले. आत कपबशा मांडल्याचा आवाज येत होता. हेमलताबाईंनी दाराकडं पाहिलं, मग चंदाकडं. लेकीची कुणी चौकशी करावी आणि आपण गप्प राहावं, हे त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"आमची रेवती ना," त्या म्हणाल्या, आणि आतला कपबशांचा आवाज थांबला.