एक आणि चार नंबर

दमयंती साळुंकेनं एकोणीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीत मोटारींच्या वायरिंगचे जुडगे बांधले. कंपनीनं ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली, तेव्हा बरोबरच्या बायकांपैकी कुणी शिवणकाम धरलं, कुणी मेस काढली. दमयंतीनं मोटार बांधायला घेतली. सुट्या भागांचं किट मागवून तिनं बजाजनगरातल्या घरापुढं, पत्र्याखाली, लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा केला. अपघातात मोडलेल्या एका भारी मोटारसायकलचं चार सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागं बसवलं. वायरिंग तर सगळं तिच्याच हातचं. गल्लीतले विचारायचे, "ह्याचं करणार काय?"

"चालवणार," ती म्हणायची आणि पाना फिरवत राहायची.

दीड वर्षानं, जानेवारीतल्या एका रविवारी, ती गाडी टेम्पोत घालून पैठण रस्त्यावरच्या एका खासगी ट्रॅकवर घेऊन आली. घरी बांधलेल्या गाड्यांची तिथं शर्यत होती. एका वेळी एकच गाडी, तीन फेऱ्या, घड्याळ लावून. बावीस गाड्यांत बाई चालवणार अशी एकच.

सरावाची पहिली फेरी झकास गेली. दुसऱ्या फेरीत इंजिन तापलं आणि त्याचा आवाज एकदम बसला. पॅडल कितीही दाबलं तरी गाडीत ताकद येईना. गाडी कशीबशी घरघरत परत आली, तेव्हा कठड्यावर बसलेली पोरं हसली. दमयंतीनं हेल्मेट काढलं आणि इंजिन चालूच ठेवलं.

गाड्यांची तपासणी इंद्रजीतकडं होती. तिशीतला माणूस, छावणी भागात त्याचं मोठं गॅरेज. त्यानं झाकण उचलून दोन मिनिटं आवाज ऐकला.

"मावशी, ठिणगी सोडणारा इग्निशनचा डबा गेला. इथं मिळायचा नाय. तुम्ही नाव मागं घ्या, वेटिंगवाल्याला जागा देतो."

"डबा गेला हे कशावरून?"

"ह्या इंजिनात तोच जातो. रोज बघतो आम्ही."

"माझ्या गाडीत बघितलं का?"

इंद्रजीतनं घड्याळ पाहिलं. "साडेबाराला तुमचा नंबर आहे. तवर गाडी लाइनीत नसली तर नाव कटलं."

पाऊण तास होता. तिचा नवरा लक्ष्मण, जो कंपनीची स्टाफ बस चालवायचा, हळूच म्हणाला, "दमे, टेम्पोवाल्याला बोलवू का?"

"पाण्याची बाटली द्या," ती म्हणाली.

इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या चारही नळ्यांवर तिनं बोटानं पाणी शिंपडलं. मधल्या दोन नळ्यांवर थेंब चर्र करून उडाले. पहिल्या आणि चौथ्या नळीवर ते नुसते ओघळले.

"एक आणि चार नंबर थंड हायत," ती लक्ष्मणला म्हणाली. "दोनच सिलिंडर काम करतायत." तिनं इंजिन बंद केलं. एक नंबरचा प्लग काढून इंजिनाला टेकवला, लक्ष्मणला स्टार्टर मारायला लावला. ठिणगी नाही. चार नंबरला तेच.

त्या इंजिनात एक कॉइल पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला ठिणगी द्यायची, दुसरी मधल्या दोघांना. दमयंतीनं दोन्ही कॉइलींची अदलाबदल केली. कॉइल खराब असती, तर आता मधले दोन बंद पडायला हवे होते. पुन्हा स्टार्टर मारला. बंद होते ते एक आणि चारच.

"म्हणजे कॉइल चांगल्या," ती म्हणाली.

"मग राहिला काय? डबाच ना," इंद्रजीत मागून म्हणाला. तो गेलाच नव्हता.

"डबा राहिला, आन् डब्यापासून कॉइलपर्यंतची तार."

तिनं तारेच्या दोन टोकांना मीटर लावला. मीटर वाजला. इंद्रजीत हसला. "घ्या. तार बी चांगली."

क्षणभर तिला वाटलं, ह्याचंच खरं असावं. मग तिनं मीटर खाली ठेवला. इंजिन दहा मिनिटं बंद होतं, निवलं होतं. आणि रोग तर तापल्यावरचा होता. तिनं डब्यापासून सुरुवात केली. दोन बोटांच्या चिमटीत तार धरून इंचाइंचानं चाचपत निघाली. कंपनीत दिवसाला शेकडो तारा अशाच हातांखालून गेल्या होत्या. इंजिनाखाली, जिथं क्लिपनं तार सांगाड्याला आवळली होती, तिथं बोटांना ती पोचट लागली. तिनं हलकेच ओढली. प्लॅस्टिक रबरासारखं ताणलं गेलं. आत तांबं असतं तर ते असं ताणलं नसतं.

तिनं तिथंच तार कापून इंद्रजीतपुढं धरली. वरचं कवच धड, आतलं तांबं तुटलेलं. निवल्यावर टोकं टेकायची, तापल्यावर सुटायची.

"ही क्लिप कुणी लावली?" त्यानं विचारलं.

"मी. लई घट्ट लावली. इंजिन हादरतं, तार हलायला जागा ठेवली नाय."

"म्हणजे चूक तुमचीच."

"व्हय, माझीच. बाजूला सरका, उजेड अडतोय."

तिनं नवा तुकडा घातला, टोकं पकडीनं दाबून बसवली, तारेला ढील दिली. बारा सव्वीसला इंजिन चालू करून तिनं पुन्हा पाणी शिंपडलं. थोड्या वेळानं चारही नळ्यांवर थेंब उडाले. साडेबाराला गाडी लाइनीत होती.

पहिल्या फेरीत तिनं इंजिन तापू दिलं. दुसऱ्या फेरीत, ज्या वळणावर सकाळी आवाज बसला होता, तिथं लक्ष्मण कठड्याला धरून उभा होता. तिथं कुणीही पाय सैल केला असता. दमयंतीनं उलट दाबला. चारही सिलिंडर एका सुरात ओरडत गाडी वळणाबाहेर पडली आणि लक्ष्मणनं टोपी काढून नुसतीच हातात धरली.

बाविसांत तिचा नंबर चौदावा आला.

गाडी टेम्पोत चढवताना इंद्रजीत आला. थोडा घुटमळला. "ताई, गॅरेजला एक गाडी तीन महिने पडून हाय. तापली की बंद पडते. छावणीत येऊन बघाल का?"

दमयंतीनं दोराची गाठ आवळली.

"मी येणार नाय. गाडी बजाजनगरला आणा. मंगळवारी आणा, सोमवारी मला माझं वायरिंग सगळं परत तपासायचंय."

लक्ष्मणनं टेम्पोचं फाळकं लावलं.