डाव्या हाताचा घास

एम.एस्सी. नर्सिंगच्या माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका सिद्धांतावर उभा होता. माणसाला स्वतःचं स्वतः करता येत नाही तेवढ्यापुरतीच नर्सची गरज. करता यायला लागलं की नर्सनं बाजूला व्हायचं. शिकवणं, शुश्रूषा, संशोधन, सगळं या एका सूत्रात बसतं, असं आमच्या मॅडम सांगायच्या. वर्गात ऐकायला छानच वाटायचं.

संभाजीनगरच्या दवाखान्यात प्रबंधासाठी माझ्या वाट्याला आल्या गोजरबाई. फुलंब्रीकडच्या, लकव्यानं उजवी बाजू गेलेली. महिनाभर मी त्यांच्या डाव्या हातात चमचा देत होते आणि त्या तो खाली टाकत होत्या. "डाव्या हातानं जेवत असतेत का कुठं?" म्हणायच्या आणि कामावर रजा टाकून आलेल्या सुनेपुढं तोंड उघडायच्या. माझं डोकं फिरायचं. शुक्रवारी परीक्षक येणार होते. बाई आपल्या हातानं जेवल्या नाहीत, तर मी नापास, माझे सहा महिने वाढणार. आणि सासरच्यांनी आधीच बजावलेलं, दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं.

गुरुवारी दुपारी सून पाणी भरायला गेली. मी पडदा सारला, तर बाई डाव्या हातानं वरणात भाकरी कुस्करून झकास जेवत होत्या.

मी भडकलेच. "माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही नाटकं करताय, आजी?"

त्यांनी माझा हात धरला. "पोरी, कुनाला सांगू नको. मला खाता येतंय कळलं की घरी नेतेत. ल्योक-सून दोघं वाळूजला कंपनीत कामाला. मागं माझा पाय मोडला तव्हा बाहेरून कडी घालून जायचे, पार सांजेपर्यंत. लई भ्या वाटायचं. हितं निदान मान्सं दिसतेत."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणाले, "आजी, मी नापास झाले तर मलाही घरातच बसवतील."

त्यांनी माझा हात सोडला आणि ताट बाजूला सारलं.

शुक्रवारी परीक्षकांसमोर गोजरबाईंनी डाव्या हातानं घास उचलला. मग दुसरा, तिसरा. ताट संपेपर्यंत एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. परीक्षक खूश झाले. सुनेनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला, "आई जेवल्या बगा! उद्याच दवाखान्यातून सुट्टी मागू."

परीक्षकांनी फॉर्म पुढं केला. शेवटचा रकाना होता, 'नर्सच्या मदतीची गरज: आहे / नाही'. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तरी मी 'नाही'वर खूण केली.